तुपाचं भांडं कुणाच्या हाती

कुणी स्वार्थ साधला की आपण म्हणतो, त्याने आपल्याच पोळीवर तूप ओढून घेतलं. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' हीही आपल्या तोंडची म्हण. पंक्तीत सगळ्यांना पुरेल इतकं तूप घरात असतं, तर अशी भाषा तयारच झाली नसती. दोन्हींमध्ये तुपाची टंचाई आहे, आणि तूप कुणाच्या पोळीवर पडायचं याचं भांडणही आहे. म्हणून आजच्या गप्पांत तुपाचा इतिहास बघताना आम्ही राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यात जाणार नाही. आपल्या घरच्या फडताळापाशीच थांबू.

आधी हिशेब. दुधाला ६ टक्के फॅट असेल तर एका लीटरमधून साठ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. म्हणजे किलोभर तुपाला जवळजवळ १७ लीटर दूध, तेही कणभर वाया गेलं नाही तर. एका म्हशीवर चालणाऱ्या घरात पोरांचं दूध आणि चहा काढून एवढं जमायला किती दिवस लागत असतील ते तुम्हीच मोजा. साय काढायची, विरजण लावायचं, पहाटे रवी फिरवायची, लोणी पाण्यात ठेवून ते पाणी रोज बदलायचं, आणि पुरेसं साठलं की कढवायचं. या कामाची नोंद कुठल्याही वहीत नाही, कारण वही पुरुषांची होती.

कढवण्यातलं शास्त्र मात्र आपल्या आज्या-पणज्यांना अचूक माहीत होतं. लोण्यात पाणी असतं, ताकाचा अंश असतो. त्यामुळे ते चार दिवसांत आंबूस होतं. मंद आचेवर ते कढायला लागलं की चरचर आवाज येतो, तो पाणी उडून जाण्याचा. आवाज थांबला, फेस बारीक झाला आणि तळाची बेरी बदामी दिसू लागली की तूप झालं. इथे दोन मिनिटं घाई केली तर पाणी राहतं, दोन मिनिटं उशीर केला तर करपट वास लागतो. घड्याळ नव्हतं, कान होते. उतरवताना कुणी विड्याचं पान टाकतं, कुणी मिठाचा खडा. यावरून दोन घरांत वाद होऊ शकतो, आम्ही त्यात पडत नाही.

पाणी गेलं की जंतूंना जगायला काही उरत नाही, म्हणून तूप फ्रिजशिवाय महिनोन् महिने राहतं. आपल्या हवेत हे फार मोठं काम होतं. दूध सकाळचं संध्याकाळी नासायचं, तूप पावसाळाभर टिकायचं. गाईम्हशींचा दुभता काळ संपला तरी घरात स्निग्ध काही राहायचं ते तुपामुळे. त्याचे शत्रू तीन: ओला चमचा, उघडं झाकण आणि ऊन. चौथा शत्रू उघडं तांबं-पितळ. या धातूंच्या संगतीत तूप लवकर खवट होतं. कल्हईवाला दारात आला की बायका भांडी घेऊन धावायच्या त्यामागे हेही कारण होतं. घरात चिनीमातीची बरणी, व्यापाऱ्यांकडे चामड्याचे बुधले, नंतर पत्र्याचे डबे. आजही स्टीलचा डबा किंवा काचेची बाटली, रोजच्या वापराचं थोडं वेगळं काढून ठेवायचं, मोठं भांडं सारखं उघडायचं नाही. आणि कढवलेलं तूप पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण घट्ट लावू नका. वाफ झाकणावर जमते आणि थेंब पुन्हा तुपातच पडतात, मग सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. आयुर्वेदात वर्षानुवर्षं ठेवलेल्या 'पुराण घृता'चा उल्लेख येतो, पण ते औषध. भातावर घ्यायचं नव्हे.

आता मूळ मुद्दा. एवढं जपलेलं तूप जायचं कुठे? देवाच्या निरांजनात, पाहुण्याच्या पानात, जावयाच्या पुरणपोळीवर, कमावत्या पुरुषाच्या भातावर. ब्राह्मणी पंक्तीत भातावर वाढायच्या तुपाला 'अन्नशुद्धी' म्हणतात. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या बायकांपर्यंत ही शुद्धी किती पोचायची, हा प्रश्न विचारायला हवा. सुनेला हक्काने तूप मिळायचं ते बाळंतपणात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भातावर पळीभर तूप. ते दिवस सरले की भांडं पुन्हा सासूच्या हाती. बेरी मात्र साखर घालून पोरांची आणि आपली. आम्हाला तर अजूनही तुपापेक्षा तीच आवडते.

आणि घराबाहेर? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या भाषणात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना सांगितली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण दिलं, त्यात तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न उधळलं, जेवणाऱ्यांना मारलं. गुन्हा एकच, तूप खाल्लं. स्वतःच्या पैशाने आणलेलं. तूप हे केवळ अन्न कधीच नव्हतं, हे यापेक्षा उघडपणे कुठल्या ग्रंथाने सांगितलेलं आम्हाला माहीत नाही.

टंचाई असली की भेसळ येतेच. १९१७ साली कलकत्त्यात तुपात जनावरांची चरबी सापडली, तेव्हा कित्येकांनी हुगळीच्या काठी प्रायश्चित्तं घेतली. पुढे मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये वनस्पतीचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली डालडा आला. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. ज्यांच्या चुलीपर्यंत तूप कधी पोचलं नव्हतं, त्यांच्या घरात सणाला तळण होऊ लागलं. ही बाजू विसरून डालड्याला नुसती नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. पण तो तुपात बेमालूम मिसळायचा, म्हणून गांधीजींचाही त्याला विरोध होता. बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही. त्याऐवजी वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं, कारण तिळाचं तेल आम्लाच्या चाचणीत लालसर रंग देतं आणि चोरी पकडली जाते. ही चाचणी प्रयोगशाळेतच होऊ द्या, घरी आम्ल आणू नका. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटचा हृदयाला होणारा त्रास फार उशिरा ध्यानात आला. आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती २०२२ मध्ये. रिकामे डबे मात्र तेव्हाही टिकाऊ होते. कुणी त्यात तुळस लावली, कुणी घरचं तूपच भरलं!

शेवटचा बदल आपल्या डोळ्यांसमोरचा. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि गावोगावच्या डेऱ्यांत दूध जाऊ लागलं. फॅट मोजून पैसे मिळतात, म्हणून सकाळचं दूध साय धरायच्या आतच घराबाहेर पडतं. दर दहा दिवसांनी रोख हाती येते, हे चांगलंच झालं. पूर्वी बाईने आठवडी बाजारात लोणी-तूप विकलं तर ते चार पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत जायचे. आता पुष्कळ घरांत चारा, शेण, धार तिची आणि डेअरीचं सभासदत्व, बँकेचं पुस्तक घरधन्याच्या नावावर. आमच्या गटातल्या काही जणींनी खातं स्वतःच्या नावावर करून घेतलं. त्यासाठी काय कागद लागले आणि घरी काय बोलणं झालं, ते त्या पुढच्या मंगळवारी स्वतःच सांगणार आहेत.