सरमेचा प्रश्न आणि पलंगाखालचे कुत्रे

मराठीत कुत्र्याशी बोलण्याचे मुख्यतः दोनच शब्द आहेत: 'यू यू' आणि 'हाड'. पहिल्याने त्याला बोलवायचे, दुसऱ्याने घालवायचे. पहिल्याचा संसार कुत्र्यापुरताच राहिला. दुसऱ्यापासून 'हाडहाड करणे' हा प्रयोग निघाला आणि तो माणसांनाही लागू झाला. भेदरलेले कुत्रे शेपूट पोटाशी ओढून घेते ही निव्वळ शरीराची क्रिया. परंतु 'शेपूट घालणे' या वाक्प्रचाराने आपण तिच्यावर भ्याडपणाचा शिक्का मारला. एखाद्याच्या दुर्दशेची परिसीमा सांगायची, तर त्याचे हाल कुत्रा खात नाही असे आपण म्हणतो. भाषेच्या या वापराकडे आमचे लक्ष वर्गात शिकवताना कधी गेले नव्हते. ते गेले ऑगस्ट २००५ मध्ये, एक कुत्री आमच्या पलंगाखाली जाऊन बसली तेव्हा.

२६ जुलै २००५ हा दिवस 'मुंबईचा पूर' म्हणून स्मरणात राहिला आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा बहुतेकांना पाठ असतो. त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी बदलापूर, अंबरनाथ, कल्याण येथील घराघरांत शिरले होते. त्या स्मृतीत आमच्या कल्याणची जागा तळटीपेएवढी. पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनी इमारतीच्या जिन्याखाली ही पिवळसर, मध्यम वयाची मादी आढळली. तिला वर आणले, एवढेच आमचे कर्तृत्व. दार लागताच ती पलंगाखाली भिंतीशी गेली आणि नऊ दिवस, आम्ही जागे असताना, तेथून हलली नाही.

या नऊ दिवसांत आम्ही जे केले त्यातील बरेचसे चुकीचे होते. वाकून तिच्याकडे पाहत राहिलो. तिच्या दृष्टीने टक लावून पाहणे म्हणजे धमकी. डोक्यावरून हात फिरवायला गेलो. वरून येणारा हात हा मारणाऱ्याचाच असतो, असा तिचा अनुभव असावा. 'यू यू' तर इतक्यांदा म्हटले की त्या शब्दाची आम्हालाच लाज वाटू लागली. शेवटी एका पशुवैद्यांनी सांगितले की काहीच करू नका. अन्नपाणी एकाच जागी, एकाच वेळी ठेवा; पलंगाला एका बाजूने चादर सोडून आडोसा करा; जवळ बसायचे तर पाठ करून बसा आणि काहीतरी वाचत राहा. तिला ओढून बाहेर काढू नका, कारण लपण्याची जागा गेली तर भीतीला दात फुटतात. लस टोचायची ती आहेच. पण तिची घाई विश्वासाच्या घाईत मिसळू नका. आम्ही पाठ करून उत्तरपत्रिका तपासत बसू लागलो. भात रात्री दोन-अडीचला संपू लागला.

शिक्षकी पेशाच्या सवयीने आम्ही दरम्यान तिच्या भीतीची उपपत्तीही लावून टाकली होती. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी चढत होते. सेवकांनी त्यांना अक्षरशः पाण्याखालून ओढून बाहेर काढले. कुत्री वाचली, पण त्यांपैकी काहींचे, अनेक महिने खपून घडवलेले प्रतिक्षेप पुसले गेले. एक कुत्रे हळूहळू पूर्ववत झाल्यावर पावलॉव्ह यांच्या सहकाऱ्यांनी दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडली, आणि तेवढ्याने ते पुन्हा पहिल्या अवस्थेला गेले. (या प्रयोगाकडे कुतूहलाने पाहावे की संतापाने, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.) आमचीही पूरग्रस्त, तेव्हा तिची भीती पाण्याची, हे आम्ही गृहीत धरले. महिनाभर मोरीचे दार लावून, नळाची धार बारीक ठेवून बादल्या भरल्या. पुढे लक्षात आले की पाण्याचे तिला काही वाटतच नव्हते.

त्या दिवसांत आपल्या वाङ्मयातील कुत्री वारंवार आठवत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव सर्वांना ठाऊक आहेत. भेदरलेले कुत्रे सांभाळलेल्या कोणालाही या कथेत एक अडचण जाणवेल: मागे धावणे हा त्याला कायमचे पळवून लावण्याचा खात्रीचा उपाय आहे. कथेतील कुत्रे भ्यालेले नसणार, आणि तसेच आहे. ते साक्षात विठ्ठल असते. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी येऊन सोबतच्या कुत्र्याला टाकण्यास नकार देतो. ज्यांना टाकता येत नाही अशांची यादी तो इंद्राला ऐकवतो, आणि तीत भ्यालेला जीवही आहे. प्रसंग थोर खराच. परंतु पुढच्या काही श्लोकांत ते कुत्रे धर्मराज म्हणून प्रकट होते, आणि कुत्र्याचे काय झाले हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद असतात. आपल्या परंपरेने कुत्र्याला करुणा दिली आहे. मात्र ते कुत्रे नव्हे, दुसरेच कोणी आहे, असे ठरल्यावर.

अपवाद एक आहे आणि तो आदिपर्वातच आहे. जनमेजयाच्या सत्रात एक कुत्रे येते; राजाचे भाऊ त्याला मारतात; ते रडत आईकडे जाते. आई सरमा, देवांची कुत्री, यज्ञमंडपात येऊन विचारते की माझ्या पोराने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग त्याला का मारले? भाऊ काहीच बोलत नाहीत. तेव्हा ती शाप देते, आणि तो मृत्यूचा किंवा राज्यनाशाचा नाही. न दिसणारे भय तुमच्यावर येईल, एवढाच तो शाप आहे. जनमेजय घाबरून शापशमनासाठी पुरोहित शोधायला निघतो. कुत्र्याला दिलेली भीती माणसाकडे परत येते, हे इतक्या उघडपणे आपल्या वाङ्मयात दुसरीकडे आलेले आम्हाला ठाऊक नाही. सरमेचे पोर कोणाचा अवतार नाही. ते मार खाल्लेले कुत्रे आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुत्र्याला जसे वर उचलून देव केले गेले, तसेच त्याच्या नावाने माणसांना खाली ढकलले गेले. मनुस्मृती चांडाळाचे धन म्हणून कुत्री आणि गाढवे नेमून देते. 'श्वपच' हा शब्द तर माणसाची ओळखच कुत्र्याच्या मांसावरून ठरवतो. इंग्रजांनी गावठी कुत्र्याला 'पारिया' म्हटले, ते तमिळ प्रदेशातील एका अस्पृश्य जातीच्या नावावरून. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहामागचे सत्य हे, की चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. आज पालिकेच्या कागदांतले 'भटकी कुत्री' आणि १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवून १९५२ मध्ये मुक्त झालेल्या जमातींसाठीचे 'भटके' हे विशेषण एकच आहे. 'बेवारस' म्हणजे वारस नसलेले. मालमत्तेच्या कायद्याचा शब्द. तेव्हा श्वानप्रेमाच्या गोष्टी ऐकून ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांच्या आठीला इतिहास आहे.

दिवाळीच्या थोडे आधी शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी बदलत होते. नायलॉनच्या नव्या दोरीचे वेटोळे सुटून आमच्या दारात पडले. तोवर स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागलेली ही कुत्री जागीच बसली, तिचे मूत्र सुटले, आणि पुढचे चार दिवस ती पुन्हा पलंगाखाली होती. तिच्या डाव्या कानाच्या टोकाला एक लहान, नीट कापलेली खाच होती. ती आम्ही भांडणातील जखम समजत होतो. पशुवैद्यांनी ती पाहून हसून सांगितले की ही नसबंदीची खूण आहे. म्हणजे पुराच्या आधी तिला कोणीतरी पकडून नेले होते, शस्त्रक्रिया करून, बहुधा लस टोचून परत आणून सोडले होते. आम्ही तिच्या भीतीचा इतिहास २६ जुलैपासून लिहायला घेतला होता. तिचे दप्तर तिच्या कानावर होते आणि आम्हाला ते वाचता आले नव्हते.

दोरीचा इतिहास या भागात लांबचा आहे. मुंबईत बेवारस कुत्री मारण्याचे हुकूम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून निघत होते आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. ६ जून १८३२ रोजी, पारशी सणाच्या दिवशी, पोलीस कुत्री मारू लागले आणि फोर्ट भागात दंगल उसळली. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे हा पारशी अंत्यविधीचा भाग. त्यांच्या लेखी हा धर्मावरच घाला होता. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, लष्कराची रसद अडली, अखेर सैन्य बोलवावे लागले. पाठोपाठ १८३४ मध्ये सर जमशेदजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. पुढे त्याच्या शाखा भिवंडीला आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरील रायत्याला निघाल्या. तेथे मुख्यत्वे गुरेच राहिली, हे ओघाने आलेच. ज्या कुत्र्यांमुळे संस्था जन्मली ती मागे पडली.

मुंबईत विजेचा धक्का देऊन कुत्री मारण्याची पद्धत १९९० च्या दशकापर्यंत टिकली. २००१ च्या केंद्रीय नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे हा मार्ग घालून दिला. हा फरक फार मोठा आहे आणि आम्ही तो कमी लेखत नाही. रेबीजने मरणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे ते तर मुळीच लेखणार नाहीत. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आमच्या पिढीच्या बालपणाचा भाग आहे. ती लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. पण दोरीच्या फासात सापडलेल्या कुत्र्याला, नेणारा मारायला नेतो आहे की बरे करायला, हे कसे कळावे? १८३२ चा शिपाई आणि या शतकातला पालिकेचा माणूस यांत त्याच्या बाजूने दिसणारा भेद फक्त परत सोडल्यावर कळतो, आणि तोवर भीती शिकून झालेली असते.

२०२३ च्या नियमांत 'सामुदायिक प्राणी' असा शब्द आला. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व रस्त्यावरची कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी व लसीकरणानंतर बहुतेकांना परत सोडावे असे सांगितले, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांतून मात्र त्यांना हलवण्यास बजावले. त्या वेळी आमच्या शिक्षकवर्गात दोन तट पडले. दोन्ही बाजूंनी बोलणारे भीतीविषयीच बोलत होते: एकाला मुलांना चावतील याची, दुसऱ्याला कुत्र्यांना नेतील याची. सरमेचे नाव कोणी काढले नाही. आम्हीही नाही, कारण ज्यांचे मूल खरोखर चावले गेले आहे अशी एक सहकारी समोर बसली होती.

दिवाळीतले ते चार दिवस गेल्यावर आमची कुत्री परत बाहेर आली. या वेळी तिला नऊ दिवस लागले नाहीत. गळ्यात पट्टा मात्र तिने कधी मानला नाही. छातीभोवतीचा हार्नेस पाचव्या महिन्यात चालला, तोही तो जमिनीवर ठेवून तिला स्वतः हुंगू दिल्यावर. कपड्यांची दोरी आम्ही मागच्या गॅलरीत नेली, जेथे ती जात नसे. २०१४ मध्ये ती गेली. दोरी पुन्हा पुढे आणायची असे घरात अनेकदा बोलणे होते, कारण पुढच्या गॅलरीत ऊन अधिक येते. कपडे अजून मागेच वाळतात.