जोत्यापासून आढ्यापर्यंत

गडहिंग्लजचं जुनं गाव बघायला कुणी आलं की मी त्यांना आधी नदीवेशीत नेते. बाजारपेठेतून सुरुवात केली तर दुकानांच्या पाट्याच दिसतात, घरं दिसत नाहीत. हिरण्यकेशीकडे पाठ करून गावात शिरलं की गल्ली अरुंद होते आणि डोळे आपोआप दोन्ही बाजूंच्या जोत्यांवर जातात. तिथंच थांबायचं. माझे आजोबा सुतार, ते घराबद्दल बोलायला लागले की आढ्यापासून सुरू करत आणि खाली येत. मी चित्रकला शिकवली, मुलांना वह्या घेऊन याच गल्ल्यांतून हिंडवलं. मी जोत्यापासून वर जाते.

जोत्यात दोन दगड आहेत. एक काळा, छिन्नी-हातोड्यानं घडवलेला. दुसरा जांभा, तांबूस, भोकाभोकांचा. गावाच्या पश्चिमेला आजरा, पुढं आंबोली, तिकडं जांभ्याचं पठार आणि धो धो पाऊस. पूर्वेला संकेश्वर-हुक्केरीकडं काळी जमीन, कमी पाऊस, ज्वारी आणि मिरची. घाट संपतो आणि देश सुरू होतो त्या सांध्यावर आमचं गाव आहे, म्हणून एकाच जोत्याला कोपऱ्याचे चिरे काळे आणि मधले थर जांभ्याचे मिळतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानंही तासता येतो. वारा लागला की कठीण होत जातो. या दगडाचं आमच्या भागातलं सगळ्यात धीट काम बघायचं तर सामानगडावर जावं. तिथल्या सात कमानींच्या विहिरीत कातळातच कोरलेल्या पायऱ्यांनी माणूस खाली उतरतो. बांधणं आणि कोरणं यांतला फरक मी मुलांना तिथं दाखवत असे.

जोत्यावर भिंत, आणि भिंत मातीची. लोकांना वाटतं, माती काय, कुठलीही घ्यावी. शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला लागते ती गावठाणातली पांढरी. ती भिजवून, त्यात काड-भुसा घालून, पायानं तुडवून भेंडे पाडायचे, उन्हात वाळवायचे आणि हात-दीड हात जाडीची भिंत चढवायची. पडलेल्या घराची पांढरी नव्या घरासाठी पुन्हा भिजायला पडे. म्हणून इथल्या एखाद्या भिंतीचं वय विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. तिच्यातली माती तीन घरं आधीचीही असू शकते. वय सांगतं ते लाकूड.

लाकडावर मात्र आजोबांचा हक्क. साग, किंजळ, फणस. आजरा-चंदगडच्या रानातून माल यायचा. सोप्यात उभं राहून वर बघा: दगडी उथळ्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर तुळई, मग पाट्या, वर वासे आणि आढं. भिंत खचली तरी छप्पर खांबांवर उभं राहतं, हे या बांधणीचं खरं शहाणपण. मातीनं थंडावा द्यायचा, भार लाकडानं पेलायचा. सोप्यामागं माजघर, बाजूला न्हाणी, मागं परडं आणि गोठा. उंबऱ्यावरच्या ललाटपट्टीवर गणपती. लिंगायत घरात शिरलात तर स्वयंपाकघरातून कन्नड ऐकू येईल आणि सोप्यात मराठी. घर लिंगायताचं असो की दुसऱ्या कुणाचं, आराखडा मात्र एकच, कारण सुतार आणि गवंडी तेच.

आता कौलं. पूर्वी कुंभाराची नळीची कौलं असत, चाकावर घडवून अर्धी चिरलेली. मग मंगलोरी आली. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली यंत्रावर कौलं काढायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत कोकणापासून देशापर्यंत छपरांचा रंगच बदलला. आमच्या छपरांवरून उतरवलेल्या जुन्या कौलांच्या पोटाला अजून मंगळूरच्या कारखान्यांची नावं वाचता येतात.

हे सगळं ज्या वाटेवर उभं आहे ती वाट विसरून चालणार नाही. संकेश्वरहून आजरा, आंबोलीमार्गे कोकणात उतरणारी. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. गूळ, मिरची, शेंग खाली जायची. रेल्वे १८९१ साली कोल्हापुरापर्यंत आली, आमच्या वाट्याला कधीच आली नाही, म्हणून गाडीवाटेचं महत्त्व टिकलं. बाजारपेठेतली घरं त्यामुळं वेगळी: खाली फळ्या लावून बंद होणारं दुकान, मागं वखार, वर माडी. संकेश्वरी मिरची, लांब आणि सुरकुतलेली, ज्या माड्यांवर साठवली जाई, तिथं आजही जुन्या तक्तपोशीला नाक लावलं तर ठसका लागतो. आता त्याच वाटेचा संकेश्वर-बांदा महामार्ग झाला आहे.

सामानगडाचा उल्लेख केला, तर आणखी थोडं. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शके ६७५चा, म्हणजे इ. स. ७५३-५४चा ताम्रपट या गडाच्या नावानं ओळखला जातो. १८४४मध्ये गड राखणाऱ्या शिबंदीचं, म्हणजे गडकऱ्यांचं बंड झालं तेही याच गडावरून पेटलं; पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनींचा कारभार नव्या व्यवस्थेत मामलेदारांच्या हाती गेला, हे त्यांना सहन झालं नाही. इतिहासाची पुस्तकं इथं थांबतात. गडकरी राहत होते ती घरं कशी होती, हे कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तट मोजले गेले, घरं मोजली गेली नाहीत.

तीच गोष्ट आज गावात होते आहे: घरं न मोजताच जाताहेत. ऑगस्ट २०१९मध्ये हिरण्यकेशीनं भडगावचा पूल बुडवला, पाणी नदीवेशीत शिरलं. भेंड्याची भिंत पुराच्या पाण्यात राहिली की विरघळते, यात शंका नाही. नदीकाठी उंच दगडी जोतं नसलेल्या मातीच्या घराचा आग्रह मी धरणार नाही. पण पाणी कधी न पोचलेल्या गल्ल्यांतही भिंती ढासळतात, त्याला कारण सिमेंट. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि भिंत पोटातून कुजते. दिसायला चकचकीत, आणि दहा-पंधरा वर्षांत फुगवटा. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा, आणि पावसाआधी घर शाकारायला हवं: कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत बसवायची. ते जाणणारे हात कमी झालेत. घर उतरवलं जातं तेव्हा खांब आणि दरवाजे हॉटेलवाल्यांसाठी व्यापारी घेऊन जातात, जोत्याचा दगड भरावात जातो.

घर ठेवा असं मी मालकांना सांगत नाही. तीन भावांच्या वाटण्या, गळकं छप्पर, लग्नाची मुलगी, हे मला कळतं. मागते ती एकच गोष्ट. उतरवण्याआधी एक दिवस द्या. टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन आम्ही येतो: मी, आणि आता स्वतः गवंडीकाम किंवा आर्किटेक्टचं शिक्षण घेणारे माझे जुने विद्यार्थी. जोत्याची उंची, भिंतीची जाडी, खांबांमधलं अंतर, कोणत्या खांबाला कोणतं लाकूड, कोनाडे किती, पाणी कुठून वाहतं, एवढं कागदावर उतरवायला सकाळ ते संध्याकाळ पुरते. घरातल्या म्हाताऱ्या बाईला सोप्यात बसवून घ्यायचं, कारण कुठली खोली कधी वाढवली हे तिलाच ठाऊक असतं.