पेव, पावती आणि संगणकातले गोदाम

नगरहून सोलापूरकडे जाणारा रस्ता कर्जत तालुक्यात मिरजगावातून जातो. रब्बी ज्वारीचा आणि तूर-उडदाचा हा मुलूख, पाऊस बेभरवशाचा. इथे धान्य पिकवण्याइतकीच ते राखण्याची चिंता जुनी आहे. मी गोदामांचे सॉफ्टवेअर बसवण्याचे काम करतो. खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच खतावणीत बांधणाऱ्या प्रणालीला ईआरपी म्हणतात. तिच्यातला गोदामाचा भाग प्रत्यक्ष जागेशी जुळवून देणे हा माझा धंदा. मिरजगावात शेतमालाच्या एका गोदामासाठी हे काम करताना लक्षात आले, की संगणक सुरुवातीलाच जे विचारतो ते आपल्याकडे फार पूर्वी विचारले गेले आहे. माल नेमका कुठे आहे? कोणत्या मापाने मोजला? आधी कोणता काढायचा? आणि कोणाच्या हाताने?

पन्हाळ्यावरचा अंबारखाना पाहिला तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर दगडात उभे आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारांची तीन नावे. नाव दिले की जागा हिशेबात येते. मुंबईत जन्मलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त प्रणालीत गोदामांची मांडणी झाडासारखी असते. वर एक मूळ गट, खाली त्याच्या शाखा. आणि नोंद शाखेवरच होते, गटावर होत नाही. अंबारखान्यात धान्य आहे असे म्हणून भागत नाही, गंगेत की यमुनेत ते सांगावे लागते.

कोणाच्या हाताने, याचे उत्तर शिवकाळात अधिक नेमके मिळते. राज्याच्या अठरा कारखान्यांत अंबारखाना एक होता. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. धान्य आणि सामानाचा जमाखर्च कारखानिसाकडे. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर वाचताना जाणवते, की किल्ला कोणा एकाच्या मुठीत राहू नये हा त्यामागचा विचार आहे. माल ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती सगळे कागद नाहीत. आज आम्ही प्रत्येक वापरणाऱ्याला भूमिका नेमून देतो: आवक लिहिणारा एक, मंजुरी देणारा दुसरा. लहान गोदामात मनुष्यबळ कमी म्हणून दोन्ही अधिकार एकालाच द्या, असा आग्रह हमखास होतो. मी तो मानत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूगोळ्याच्या कोठाराविषयीची सूचना तर थेट माझ्या धंद्यातली वाटते. कोठार वस्तीपासून दूर असावे, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. माल जागेवर जाऊन पाहिला जातो आणि पाहिल्याची खूण मागे राहते. संगणकातला आकडा कितीही सुबक असला तरी मधून मधून पोती मोजावीच लागतात, आणि फरक निघाला तर तो वेगळी नोंद करून दाखवावा लागतो. मंजूर झालेली जुनी नोंद खोडता येत नाही; रद्द करता येते, पण रद्द केल्याचाही माग राहतो.

आधी कोणता माल काढायचा, हा प्रश्न मात्र पेवाने अवघड केला. दख्खनच्या कोरड्या भागात ज्वारी जमिनीतल्या खड्ड्यात साठवत. आत कडबा-भुसा लावून तोंड मातीने बंद केले, की दाणा वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नाही. कोंडलेल्या हवेने जीव गुदमरतो. आणि एकदा हवा लागली, की सगळे धान्य काढून घेणे शहाणपणाचे. आधी आलेले आधी काढा, हा संगणकाचा लाडका नियम इथे निरुपयोगी, कारण एक पेव म्हणजे एकच घाण, उघडली तर पूर्ण उघडली. मिरजगावच्या गोदामात आता पेवे नाहीत, पण धूर देऊन ताडपत्रीखाली बंद केलेल्या थप्पीला मी हाच नियम लावला: मुदत संपेपर्यंत त्या थप्पीतले पोते विक्रीच्या यादीत येतच नाही. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटते’ असे आपण म्हणतो. शब्द उरला, वस्तू गेली.

मापांचा घोळ वेगळाच. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक पाठ असे, पण गाव बदलले की पायली बदले. १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने आणि १९५८पासूनच्या दशमान अंमलाने किलो आणि क्विंटल आले. तरी आवक आजही पोत्यात बोलली जाते, आणि तुरीच्या पोत्याचे वजन उडदाच्या पोत्याइतके असेलच असे नाही. म्हणून हिशेबाचे एकक किलो, पोते फक्त मोजणीपुरते, आणि प्रत्येक आवक काट्यावर. यावर तडजोड केली तर पुढचे सगळे आकडे पोकळ.

या आकड्यांवर काय अवलंबून असते ते सांगण्यासाठी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा पुरेशी आहे. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली, आणि विठोबाने विठू महाराच्या रूपात दरबारात मोल भरून पावती घेतली. ‘भक्तविजया’त (१७६२) ती सांगणारे महिपती नगर जिल्ह्यातल्याच ताहाराबादचे, आणि घरचे कुलकर्णीपण सांभाळलेले. कथेचा सगळा उलगडा पावतीवर होतो, याचे कुलकर्ण्याला नवल वाटले नसेल.

पावतीला कायद्याचे बळ पुष्कळ उशिरा आले. गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीनंतर १९५६मध्ये गोदाम महामंडळांचा कायदा झाला आणि १९५७मध्ये महाराष्ट्राचे वखार महामंडळ निघाले. २००७चा गोदाम विकास व नियमन कायदा २०१०मध्ये लागू झाला. २०१७पासून पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू लागली. दरम्यान १९९०पासून राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे: माल गोदामात ठेवायचा आणि तुरीसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची. काढणीला भाव पडलेला असताना घरखर्चासाठी तूर विकावी न लागणे, एवढाच तिचा अर्थ. पण कोरडवाहू शेतकऱ्याला तो वर्षाचा अर्थ आहे.

म्हणूनच मिरजगावच्या मांडणीत ‘तारण’ नावाची एक स्वतंत्र शाखा केली. माल जागचा हलत नाही, पण कर्ज मंजूर होताच हिशेबात तो या शाखेत जातो आणि विक्रीची नोंद त्याला हात लावू शकत नाही. साठा शून्याच्या खाली जाऊ देणारी सवलतही बंद ठेवली आहे. ती चालू असली तर जागेवर नसलेली पोतीही विकलेली दिसू शकतात. कर्ज फिटल्याचा कागद आला, की परतीची नोंद करायची. ती कारकुनाने लिहायची आणि व्यवस्थापकाने मंजूर करायची.