माडाची धार : आपल्या पिढीजात धंद्याचा इतिहास

कोणत्याही ज्ञातीचा इतिहास तिच्या धंद्याच्या इतिहासाशी निगडित असतो. आपल्या भंडारी समाजाच्या स्मरणिकेत मायनाक भंडारी यांच्या पराक्रमाचे स्मरण दरवर्षी होते, आणि ते योग्यच आहे. १६७९ साली खांदेरी बेटाच्या झुंजीत इंग्रजांच्या आरमाराला तोंड देणाऱ्या मराठ्यांच्या आरमाराचे ते एक सरदार. परंतु ज्या धंद्यावर आपली शेकडो घरे पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्या माडाच्या धंद्याविषयी मात्र आपण बोलावयास संकोचतो. हा संकोच कोठून आला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या ज्ञातिनामाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावतात. कोणी ती ‘भांडार’ या शब्दापासून, तर कोणी आसवाशी संबंध असलेल्या ‘मंडहारक’ या संस्कृत शब्दापासून लावतात. पहिली मानाची आणि दुसरी हलकी असे मानण्याचे कारण नाही. माडाचा रस काढणे हे शौर्याइतकेच धैर्याचे व कौशल्याचे काम आहे.

हे कौशल्य कसे असते ते नव्या पिढीला सांगितले पाहिजे. माडाची पोय फुटण्यापूर्वी ती बांधून घ्यावयाची, हलक्या हाताने ठोकून मऊ करावयाची, आणि मग आउताने तिच्या टोकाची पातळ चकती रोज कापावयाची. आऊत म्हणजे रुंद, चपट्या पात्याचा अतिशय धारदार कोयता. चकती जाड कापली तर पोय लवकर संपते, आणि धार बोथट असेल तर रस आटतो. सकाळ-सायंकाळ मडक्यातील रस दुधीत ओतून खाली आणावयाचा. खोडावरच्या खाचांत पाय रोवून पावसापाण्यात उंच माडावर चढणे जिवावरचे असे, आणि माडावरून पडून मोडलेली माणसे आपल्या घराघरांत होती.

हा ताजा रस गोड असतो. त्यात शेकडा बारा ते पंधरा भाग साखर असते. मडक्याला आतून चुना फासला तर तो आंबत नाही व नीरा म्हणून पिता येतो. आटविला तर गूळ होतो. तसाच ठेवला तर काही तासांतच हवेतील किण्व त्यास आंबवितात व माडी होते, आणि आणखी काही दिवसांनी शिरका होतो. गोमंतकात पाव फुगविण्यासही हाच रस वापरीत. म्हणजे एकाच झाडाखाली मिठाईवाला, भट्टीवाला आणि पाववाला या तिघांचीही सोय होती!

या धंद्यावर पहिला मोठा घाला सरकारी कायद्याने आला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडावरचा कर आणि परवान्याची बंधने कडक झाली. छोट्या भट्ट्यांऐवजी मोठ्या मक्तेदारांना वाव मिळाला. ज्याच्या हाती आऊत होते त्याच्या हातून धंद्याची मालकी गेली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर १९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आपल्याही समाजाने पाहिले आहेत. तेव्हा त्या कायद्यामागील सद्‌हेतूस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु कालपर्यंत ज्याला कसब म्हणत, त्याला एका रात्रीत गुन्हा म्हणू लागले, आणि आउताबरोबर आपली मानही खाली गेली. अनेक तरुणांनी मुंबईच्या गिरणीची वाट धरली.

आता शेजारी पाहावे. गोमंतकात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काजू आणला; त्याच्या बोंडांपासून होणाऱ्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि काजूच्या मोसमात पाहुणे तेथील भट्ट्या पाहावयास मुद्दाम जातात. आपल्याच महाराष्ट्रात नारायणगावी शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात द्राक्षांच्या वारुणीचा कारखाना उभारला. नाशिकजवळ १९९९ साली सुरू झालेल्या ‘सुला’ने २००५ पासून पाहुण्यांसाठी चाखण्याची खोली उघडली. तेथे लोक मद्याच्या घोटाबरोबरच द्राक्षाची माती, पिंप आणि कामगाराचे कसब पाहावयास येतात. द्राक्षाचा रस आंबविणारा उद्योजक ठरला आणि माडाचा रस आंबविणारा हलका ठरला, हा न्याय आम्हांस पटत नाही.

आपले मसुरे तर पाहुण्यांना अपरिचित नाही. वाडीच्या सावंतांनी १७०१ साली बांधलेला भरतगड गावाच्या डोक्यावर उभा आहे. कालावल खाडीपलीकडे त्याच्या समोर भगवंतगड आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेस लाखो भाविक येतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. या पाहुण्यांस किल्ला दिसतो, देऊळ दिसते, खाडीकाठची माडांची राई दिसते. पण त्या राईतून पोट भरणाऱ्या हातांचा इतिहास त्यांना कोण सांगणार?

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. माळ्यावर गंजत पडलेले आऊत, भोपळ्याची जुनी दुधी, परवान्याचे पिवळे पडलेले कागद भंगारात घालू नयेत. ते एकत्र करून गावातच एका खोलीत मांडावेत. ज्यांनी माड छेदले ते वृद्ध अद्याप आहेत तोवर त्यांच्याकडून माडाची, पोयीची, रसाची परिभाषा उतरवून घ्यावी. त्यांच्यामागे ती कोणत्याही कोशात सापडणार नाही. मद्यपानाचा प्रसार करावा असा याचा मुळीच अर्थ नाही. गूळ, शिरका व नीरा यांस कोणाचीच हरकत असणार नाही, आणि कायद्याच्या चौकटीत राहूनही हे कसब दाखविता येईल.

ज्या समाजास आपल्या श्रमाची लाज वाटते, त्याच्या मुलांस आपल्या पूर्वजांचा अभिमान कसा वाटावा? मायनाकांची तलवार आणि आजोबांचे आऊत ही दोन्ही एकाच भिंतीवर मानाने टांगावीत, इतकेच आमचे मागणे आहे.