मूठभर दाणे

आमच्या माण तालुक्यात पाऊस थोडा, पण कोंबड्या घरटी. शेत आबांच्या नावावर, बैल आबांचे. कोंबड्या मात्र आईच्या. अंड्यांच्या पैशाचा हिशेब तिला कुणी विचारत नसे. मीठ-मिरची, काडेपेटी, आमची पाटी-पेन्सिल, सगळं त्यातूनच यायचं.

आई कोंबड्यांना खायला घालायची, असं म्हणणं तसं चूकच. सकाळी डालगं उचललं की त्या आपल्या वाटेनं जायच्या. आधी उकिरडा, मग गोठा, मग खळं. शेणातले किडे, वाळवी, नाकतोडे, जात्याभोवती सांडलेल्या कण्या, बांधावरची घोळ नि तांदुळजा, असं दिवसभर चालायचं. दाणा दळायला कोंबडीला दात नसतात, म्हणून ती बारीक खडे गिळते आणि तिची पथरी जात्यासारखी दळते. किड्यांतून मांस वाढवणारं सत्त्व, दाण्यातून ताकद, पाल्यातून जीवनसत्त्वं. ताट कुणी वाढलेलं नसलं तरी ते पुरं असायचं. दिवस मावळताना आई एक मूठ ज्वारी टाकून "ये, ये, ये" करायची, तेवढंच काय ते तिचं घालणं.

1972 साली हे ताट मोडलं. पाऊस नाही, खळी ओस. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, दुष्काळी कामावर सुकडी. आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायला जायची. गावातली जनावरं विकली गेली. जनावर नाही म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून किडा नाही. बारा कोंबड्यांतल्या चार उरल्या आणि त्यांची अंडी बंद झाली. उपाशी कोंबडी अंडं देत नाही, हे तेव्हा लहानपणीच कळलं. भरल्या पोटाची कोंबडीही अंडं देत नाही, हे कळायला आणखी दहा वर्षं जावी लागली.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आबा गिरणीत होते. ते वळकटी घेऊन गावी आले आणि दर महिन्याची मनीऑर्डर थांबली. तोवर आईनं चारावरून सतरा कोंबड्या केल्या होत्या. आता तेल-मिठापासून धाकटीच्या शाळेच्या वह्यांपर्यंत सगळं अंड्यांवर आलं.

आबांना करमेना. जन्मभर साच्यापुढं उभा राहिलेला माणूस, दिवसभर सोप्यात बसून करणार काय? त्यांना कोंबड्यांचा लळा लागला. मका आणला. कणगीतली ज्वारी पसापसा टाकू लागले. कुणी चहाला आलं तर उरलेली शेवसुद्धा कोंबड्यांपुढं. त्यातली कवडी तर त्यांच्या मांडीवर चढायची. ती आमची सगळ्यांत चांगली कोंबडी. आई म्हणायची, "अवो, ती कोंबडी हाय, पाव्हणी न्हाय. पोट भरल्यावर ती कशाला उकरंल?" आबा हसायचे. "माझ्या हातनं कुणाचं तरी पोट भरतंय, भरू दे की."

या बोलण्यावर आईला पुढं काही सुचायचं नाही.

महिन्या-दोन महिन्यांत कोंबड्या सोपा सोडीनात. उकिरड्याकडं कुणी फिरकेना. अंडी कमी झाली. काही तर कवचाविना, नुसत्या पापुद्र्यात यायची, हातात धरली की फुटायची. एका सकाळी कवडी डालग्याखाली मरून पडली होती. मानमोडी आली म्हणून आई घाबरली. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर गावात आले होते, त्यांनी ती फाडून दाखवली. पोटात पिवळी चरबी थापल्यासारखी, काळीज पिवळं पडून ठिसूळ झालेलं.

आई एवढंच म्हणाली, "उपाशी मेल्याल्या लई बघितल्या. खाऊन मेल्याली ही पहिलीच."

डॉक्टरांनी समजावलं. मका-ज्वारीत ताकद पुष्कळ, पण कवचाला लागणारं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. एका अंड्याच्या कवचात ते साधारण 2 ग्रॅम असतं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. पोट दाण्यानं भरलं की बाकीचं खायला जागाच उरत नाही. आईनं कणगीचं तोंड शेणानं लिंपून टाकलं. आबांनी दुसऱ्या दिवशी न बोलता फावडं घेतलं आणि उकिरडा वर-खाली केला. पुढं ते काम त्यांचंच झालं. सहा-सात आठवड्यांनी खुराड्यातून पुन्हा धड अंडी येऊ लागली. धाकटीच्या वह्या मात्र त्या वर्षी उसन्या पैशानं आणाव्या लागल्या. ते आबांना फार लागलं.

तिकडं त्याच काळात कोंबडीचा मोठा धंदा उभा राहत होता. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. 1982 मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली. पांढरी लेगहॉर्न पिंजऱ्यात बसून वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देऊ लागली. तिला उकिरडा नव्हता, म्हणून उकिरड्याचं सगळं मोजून पोत्यात भरावं लागलं.

आज सातारला माझ्या परसात सहा वनराजा कोंबड्या आहेत. परसाला फरशी, भोवती जाळी. इथं किडा कुठला? म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, प्रत्येकीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, बारीक खडे, चोवीस तास पाणी. भात, पोळीचे तुकडे, मका हा वरचा खाऊ. तो सगळ्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडं जाऊ देत नाही, म्हणजे कोंबडीमागं जेमतेम 10 ग्रॅम, आणि तोही दुपारनंतर. नातू बिस्किटं टाकायला धावतो, तेव्हा मी त्याच्या हातात मेथीची काडी देतो.

दिवस मावळताना मीही एक मूठ ज्वारी टाकतो. आई तेवढीच का टाकायची, ते आता ध्यानात येतं. ती मूठ पोटासाठी नव्हतीच. दाण्याच्या आशेनं सगळ्या गोळा व्हायच्या आणि आई त्या मोजून डालग्याखाली घालायची.