चिमुकल्या संगणकाचा विद्युद्दाब

२६ एप्रिल १९८५ रोजीं इंग्लंडांतील केंब्रिज येथें एकॉर्न कंपनीच्या हातीं एक नवी चिप आली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्या रचनेंतून सिद्ध झालेला हा पहिला आर्म प्रोसेसर. चिप कामाला लागली. ती वीज किती घेते हें पाहण्यासाठीं फर्बर यांनीं मापक जोडला, तों कांटा शून्यावरच! शोध करतां असें आढळलें कीं, तिला वीज पुरविणारी जोडणीच झालेली नव्हती. भोंवतालच्या मंडलांतून संदेशांच्या तारांवाटें जी थोडी वीज झिरपत होती, तिच्यावरच बिचारी बिनबोभाट काम करीत होती.

श्रोतेहो, त्याच घराण्यांतील एक प्रोसेसर सत्तावीस वर्षांनीं, त्याच गांवीं निपजलेल्या ‘रास्पबेरी पाय’ नामक संगणकावर बसला. पत्त्याच्या पानाएवढ्या एकाच पट्टीवर सारा संसार, आणि किंमत ३५ डॉलर. मुलांनीं मोडतोडीची भीति न बाळगतां प्रोग्राम लिहावयास शिकावें, या हेतूनें एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांनीं तो काढला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो विक्रीस आला. त्याच्या प्रोसेसरचा वेग ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७० कोटी ठोके, आणि त्यास नेमून दिलेला विद्युद्दाब १.२ व्होल्ट.

हा दाब कशासाठीं? प्रत्येक ठोक्याला चिपमधील असंख्य सूक्ष्म कळा उघडतात वा मिटतात, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वीं प्रत्येक संदेश आपल्या मुक्कामीं पोंचावा लागतो. दाब वाढला कीं कळा चपळ होतात. घटला कीं मंदावतात. ठोका पडला आणि संदेश वाटेंतच राहिला, तर पलीकडची कळ जुनाच आंकडा खरा मानून पुढें जाते. टपालाची थैली फलाटावर येण्यापूर्वींच गाडी सुटावी, तसें. मग दाब सढळ हातानें कां देऊं नये? कारण कळांच्या उघडझांपीस लागणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते व ती सारी उष्णता होऊन बाहेर पडते. आणि दाब व उष्णता दोन्ही चढलीं, म्हणजे चिप लवकर झिजते.

सर्व चिपा एकाच सांच्यांतून निघाल्या तरी सारख्या नसतात. कारखान्यानें ठरविलेला दाब त्यांतील सर्वांत मंद चिपलाही पुरला पाहिजे. म्हणून बहुतेकींच्या पदरीं थोडी शिल्लक राहते. हौशी लोकांचा डोळा असतो तो या शिलकेवर.

पायच्या निर्मात्यांनीं ती कुलुपांत ठेविली नाहीं. मेमरी कार्डावरील एका साध्या फायलींत वेगाचे व दाबाचे आंकडे कोणासही लिहितां येत. दाबाची एक पायरी ०.०२५ व्होल्टची, उणे १६ पासून ८ पर्यंत, म्हणजे ०.८ पासून १.४ व्होल्टपर्यंत. मात्र आरंभीं जो कोणी दाब वाढवी, त्याच्या चिपमध्यें एक कायमची खूण उमटे व हमी संपुष्टांत येई. निर्भयपणें शिकण्यासाठीं काढलेल्या यंत्रावर हा धाक विसंगतच होता, असें मला वाटतें. १९ सप्टेंबर २०१२ रोजीं तो बराचसा दूर झाला. वेगाचे पांच टप्पे आंखून देण्यांत आले. सर्वांत वरचा १००० मेगाहर्ट्झचा, सहा पायऱ्या चढून १.३५ व्होल्टचा. काम असेल तेव्हांच दाब चढावा, आणि चिपचें तापमान ८५ अंशांस पोंचलें कीं उतरावा, अशी योजना होती. हमीस बाध नव्हता. हिशेब करून पाहावा : दाबाचा वर्ग सव्वापटीहून किंचित् अधिक, वेग १.४३ पट, म्हणजे कळांच्या उघडझांपीची वीज सुमारें १.८ पट. भयाच्या जागीं मोजमाप आलें.

तरी एक धोका उरलाच. दाब फारच अपुरा असला तर यंत्र सुरूच होत नाहीं. तें एक प्रकारें प्रामाणिक म्हणावयाचें. किंचित् अपुरा असला तर तें सुरू होतें, चालतें, आणि घटकाभरानें एखादाच आंकडा चुकवितें. ही चूक मेमरी कार्डावर लिहिली गेली, तर मुलाचें महिन्याभराचें काम नासतें, आणि दोष कार्डाच्या माथीं येतो. म्हणून यंत्राला घाम फोडणारें काम देऊन पाहणें हीच खरी परीक्षा. त्या वेळीं निर्मात्यांनीं सुचविलेली कसोटी ऐकून आपणांस गंमत वाटेल : ‘क्वेक ३’ हा खेळ! आणि यंत्र उठलेंच नाहीं, तर आरंभीं शिफ्ट ही कळ दाबून धरावी, म्हणजे तेवढ्यापुरतें तें मूळच्या वेगावर येई.

दोष पुष्कळदां चिपच्या दाबांत नसून बाहेरून येणाऱ्या ५ व्होल्टांत असे. बारीक तारेंतच दाब गळतो. जुलै २०१४ मधील बी-प्लस या नमुन्यापासून हा पुरवठा सुमारें ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला कीं तांबडा दिवा विझूं लागला. तेव्हां कोठें लोकांचें लक्ष तारेकडे गेलें. फेब्रुवारी २०१५ मध्यें निघालेल्या दुसऱ्या पायची तऱ्हा आणखी निराळी. कॅमेऱ्याचा झेनॉन दिवा जवळ चमकला कीं हा संगणक बंद पडे! प्रोसेसरला दाब पुरविणाऱ्या मंडलांतील एक उघडी चिप प्रखर प्रकाशानें भांबावत असे. उपाय सोपा होता : तिच्यावर लुकणाचा लहानसा गोळा दडपावयाचा.

पुढें ही राखण बहुतांशीं यंत्राकडेच गेली. मार्च २०१८ च्या नमुन्यांत तापमान ६० अंशांवर गेलें कीं वेग १४०० वरून १२०० मेगाहर्ट्झवर येई व दाबही उतरे. ऑक्टोबर २०२३ मध्यें आलेल्या पांचव्या पायचा वेग २४०० मेगाहर्ट्झ. त्यांत वेगास साजेसा दाब यंत्र आपणच काढतें, आणि मालकानें त्यांत केवळ अधिकउणें करावयाचें असतें, तेंही मायक्रोव्होल्टांत. २०१२ सालची एक पायरी या मापानें २५,००० भरते.