मृद्‌खनिजे : प्रकाशरासायनिक विक्रिया
दौंड-शिरूर भागातील भीमाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दख्खनच्या बेसाल्टाची झीज होऊन बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे असतात. सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक, असे त्यांचे पापुद्रे असतात. पापुद्र्यांवरील ऋणभारामुळे मेथिलीन ब्लूसारखे धनभारित रंगरेणू पापुद्र्यांमधल्या फटींत शिरून चिकटतात. दृश्य प्रकाश मुख्यतः रंगरेणूच शोषतो. खनिजाचे काम रेणूंना जागा देण्याचे, आणि खरी गंमत त्यातच आहे. टोकियोत शिनसुके ताकागी यांच्या गटाने सॅपोनाइट या मृद्‌खनिजावर पॉर्फिरिन या रंगद्रव्याचे रेणू गर्दी न होऊ देता बसवले. एकाने शोषलेली ऊर्जा शेजारच्या वेगळ्या रेणूकडे जवळजवळ पूर्णपणे गेली. काळ्या मातीतील लोह मात्र उत्तेजित रेणूंची ऊर्जा शमवते. म्हणून अशा प्रयोगांत सहसा लोहविरहित कृत्रिम खनिजे वापरतात.